आत रोखलेल्या जंग्या

मनीषाचं सगळं काम भिंतींचं. नाशिक रोडला, जेल रोडवर, तिचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. तिथे ती आणि तिचा सहकारी मयूर जुन्या वास्तूंची मापं घेऊन नकाशे काढून द्यायचे. बारवा, देवळं, एखादी गढी. तेरा वर्षं हेच केल्यामुळे भिंतीवरून हात फिरवला की तिला साधारण काळ सांगता यायचा. हरसूलच्या पुढे धरणाच्या पाण्यातल्या एका बेटाचं काम आलं तेव्हा तिने लगेच हो म्हटलं. तिथे सहलीच्या बोटी सोडायच्या, बेटावरची जुनी लष्करी बांधकामं लोकांना दाखवायची, असा कुणाचा तरी बेत होता. त्याआधी मोजणी हवी होती.

बेट एवढंसं. काठाकाठाने फिरलं तर दहा मिनिटांत पुरं. धरण व्हायच्या आधीही ते बेटच होतं, नदीच्या दोन धारांमधला एक खडक. लोक त्याला चौकीचं बेट म्हणत. जुन्या कागदांतही एवढंच सापडलं की इथे चौकी होती. ती कुणाविरुद्ध होती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात ते दोघं तिथे गेले. धरणात मासेमारी करणारा बुधा त्यांना आपल्या होडीतून घेऊन गेला. पंचावन्नच्या आसपासचा, सुकलेला, कमी बोलणारा माणूस. काठाला लागल्यावर त्याने एकच गोष्ट बजावली. अगदी आतल्या कड्यात पाय ठेवायचा नाही. मनीषाला वाटलं, साप असतील. तिने मान डोलावली.

बेटावर एकात एक अशी चार कडी होती. अगदी आतलं सगळ्यात जुनं, नुसत्या रचलेल्या दगडांचं, कमरेएवढं उरलेलं. त्यात ठिकठिकाणी दगड सोडून फटी राखल्या होत्या. बुधा म्हणाला, ते कोळी नाईकांचं. त्याबाहेरचं घडीव काळ्या दगडाचं, चुन्यात बांधलेलं. ते पेशवाईतलं, हे मनीषाला सांगायला कुणी लागलं नाही. तिसरं भाजक्या विटांचं, इंग्रजांचं, नीट कमानी काढलेलं. आणि सगळ्यात बाहेरचं, पाण्याला टेकलेलं, काँक्रीटचं. दुसऱ्या महायुद्धात कुणीतरी घाईने ओतलेलं, फळ्यांचे वळ अजून अंगावर असलेलं.

तिसऱ्या जंगीचं माप घेताना मनीषाचा हात थांबला. जंगी म्हणजे तटातलं बंदुकीचं भोक. आतल्या शिपायाला बंदूक फिरवता यावी म्हणून ते त्याच्या बाजूने रुंद असतं आणि शत्रूच्या बाजूने बोटभर अरुंद. इथे रुंद बाजू पाण्याकडे होती. अरुंद बाजू बेटाच्या मध्याकडे. ती धावतच पुढच्या जंगीकडे गेली, मग विटांच्या भिंतीकडे, मग काँक्रीटच्या फटीकडे. चारही कड्यांची सगळी भोकं आत रोखलेली होती. एका कड्याची भोकं दुसऱ्याच्या भोकांशी अशी जुळवली होती की पाण्याकाठी उभं राहून डोळा लावला तर चारही भिंतींतून थेट मध्यापर्यंत नजर पोचत होती.

मध्ये काहीच नव्हतं. अठरा मीटर रुंदीचं गोल आवार आणि त्यात छातीएवढं वाळलेलं गवत.

पेशवाईतल्या भिंतीपाशी, पूर्वेच्या अंगाला, एक म्हातारी बाई बसली होती. जंगीच्या उंबऱ्याच्या दगडावर दोन्ही हात, कपाळ भिंतीला टेकवलेलं. मयूर पुढे जाऊन नमस्कार म्हणाला. तिने वळून पाहिलं नाही. बुधाने लांबूनच सांगितलं की ती आपली मोठी बहीण भागीबाई, तिला बसू द्या, ती रोज येते. मनीषाने मयूरला खुणेनेच बाजूला घेतलं. असं एखादं माणूस प्रत्येक जुन्या जागी असतंच, असं ती संध्याकाळी परतताना त्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला मनीषाने विटांच्या भिंतीबाहेर, जिथून पडक्या भिंतींवरून आत दिसत होतं तिथे, टोटल स्टेशन हे अंतर मोजायचं यंत्र लावलं. आतल्या कड्याच्या बाहेरून घेतलेली मापं जुळत नव्हती. काल आवाराची रुंदी अठरा मीटर आली होती, आज एका बाजूने एकोणीस आणि दुसऱ्या बाजूने एकवीस. मयूर वैतागला. बुधा जाळं सोडवायला होडीकडे गेला होता. मयूर यंत्राचा किरण परत पाठवणाऱ्या प्रिझमची काठी घेऊन निघाला आणि रचीव दगडांवरून टांग टाकून सरळ आत उतरला. म्हणाला, दोन मिनिटांत मधलं एक माप घेतो, वाद मिटवून टाकू. मनीषा नको म्हणाली खरं, पण फार जोर लावून म्हणाली नाही. तिलाही ते माप हवंच होतं.

तो गवतात उभा राहिला. तिने दुर्बिणीतून प्रिझम धरला आणि बटण दाबलं. सदतीस मीटर. इतकं असणं शक्यच नव्हतं. तिने पुन्हा दाबलं. एकसष्ट. मयूर तिथेच उभा होता, काठी सरळ धरून, तिच्याकडे बघत. एकशे चाळीस. तिने डोळा काढून पाहिलं, तर भिंतीवरून तो जवळच दिसत होता, फक्त थोडा लहान. तीनशे बारा. त्यानंतर यंत्राने आकडा देणं बंद केलं.

मनीषाने त्याला हाक मारली आणि परत ये म्हणून हात केला. तो हसला, काठी खांद्यावर टाकली आणि तिच्याकडे चालू लागला. नेहमीच्या चालीने, झपझप. ती बघत होती. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. तो चालतच होता. गवत त्याच्या दोन्ही अंगांनी मागे जाताना दिसत होतं, पण तो जवळ येत नव्हता. वारा पडलेला होता. पाण्याचा काठावर आपटायचा आवाजसुद्धा थांबला होता, की तिलाच ऐकू येत नव्हता, हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

ती आत धावणार तोच कुणीतरी बोललं. आवाज भागीबाईचा होता. म्हातारीने मान वळवली नव्हती, तिची पाठच मनीषाकडे होती.

"तू नको जाऊ. तू गेलीस तर त्याला बघंल कोन?"

मनीषाला काही समजलं नाही.

"जंगीला डोळा लाव," भागीबाई म्हणाली. "तो दिसंल अशी जंगी बघ आन लाव. पापनी लवली तरी चालंल. दुसरीकडं बघू नको. तुझी नजर हाय तवर तो चालतो. नजर सुटली का दिशा इसरतो."

मनीषाने विचार केला नाही. समोरच्या जंगीशी गुडघ्यांवर बसली आणि डोळा लावला. अरुंद फटीतून मयूर दिसला. भिंतीवरून दिसत होता त्याहून खूप लांब, वितीएवढा. त्याच्याभोवती आवाराचं गवत नव्हतं, माळ होता. पिवळा, सपाट, शेवट नसलेला माळ, आणि त्यावर भर दुपारचं ऊन. चारही बाजूंनी भिंत असायला हवी होती. ती कुठेच नव्हती.

तोवर बुधा आला. काय झालं ते त्याला विचारावं लागलं नाही. त्याने मनीषाच्या डोक्यावर आपलं उपरणं धरलं, उन्हाचं, आणि तिच्या मागे उभा राहिला. मधूनमधून तिच्या तोंडाला पाण्याची बाटली लावत होता. तिचे गुडघे बधिर झाले. घाम डोळ्यात उतरून झोंबत होता. मयूर वितीचा दीड वीत झाला, मग हाताएवढा. त्याचा चेहरा अजून दिसत नव्हता, चाल तेवढी ओळखू येत होती.

दीडच्या सुमाराला तिच्या खिशातला फोन वाजला. एका गिऱ्हाइकाचा. तिने नजर खाली टाकली. डोळ्याच्या कोपऱ्यातून, क्षणभर, सवयीने. परत वर पाहिलं तेव्हा मयूर पुन्हा वितीएवढा झाला होता आणि पाठमोरा चालला होता.

ती किंचाळली नाही. एवढंच म्हणाली, "बुधाभाऊ, तो तिकडे चाललाय."

"बघत ऱ्हा," बुधा म्हणाला आणि तिच्या खिशातून फोन काढून बंद केला. "वळंल. त्याला कळाया येळ लागतो."

मयूर उभा राहिला. इकडे तिकडे बघत गोल फिरला. त्याचं ते फिरणं मनीषा आयुष्यात विसरणार नाही. जत्रेत हात सुटलेलं पोर फिरतं तसं. मग कधीतरी त्याचं तोंड तिच्याकडे झालं आणि तसंच राहिलं. तो पुन्हा चालू लागला.

चार वाजून गेल्यावर त्याने रचीव दगडांवर हात टेकला. बुधाने त्याला काखेत धरून ओढून घेतलं. सकाळी केलेली दाढी तशीच होती, एका केसानेही वाढली नव्हती. पण बुटांचे तळवे झिजून आतलं कापड दिसत होतं. तो दीड बाटली पाणी प्यायला, मग भिंतीला पाठ लावून बसला. बोलला तेव्हा आवाज घोगरा होता. तो म्हणाला की तो तिच्याचकडे येत होता. लांबवर भिंत दिसत होती आणि भिंतीत एक बारीक ठिपका चमकत होता, त्याच्या रोखाने चाललं की झालं, एवढंच त्याला कळत होतं.

"मध्ये एकदा तो ठिपका विझला," तो म्हणाला. "तेव्हा मॅडम, मला आठवेचना की मी कुठून आलोय."

मनीषाने त्याचा हात धरून ठेवला. फोनचं तिने त्याला पुढे तीन महिन्यांनी सांगितलं.

परतताना होडीत बुधा जेवढं बोलला तेवढं तो एरवी वर्षभरातही बोलत नसावा. त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जंगीला बसायचं काम होतं. नाईकांचे लोक या खडकावर ठाणं करायला आले, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांचे सात जण गवतात गेले ते दिसत राहिले, पण आले नाहीत. मग त्यांनी दगड रचले आणि फटी ठेवल्या. पेशव्यांचा ठाणेदार आला, तो हसला. त्याची अकरा माणसं गेली. त्याने चुन्याची भिंत घातली. साहेबाने विटा आणल्या, लढाईच्या काळात आले त्यांनी काँक्रीट. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं, आत कुणी वैरी आहे म्हणून तोंडं आत आहेत. बंदुका त्या भोकांत कधी कुणी घातल्याच नाहीत.

"परत्येकानं आपली मानसं परत आनायलाच भिंत बांधली," बुधा म्हणाला. "आन परत्येकाला वाटलं, आपन जरा मागं सरून बांधावी."

किती परत आले, असं मनीषाने विचारलं. बुधाने वल्हं थांबवलं नाही. ज्यांना बघायला कुणी होतं ते आले, म्हणाला. फौज हलायचा हुकूम आला की बघणारे जात. मग राहिलेले राहिले.

दुसऱ्या दिवशी मयूर घरी थांबला. मनीषा एकटी बेटावर गेली. मोजणीचं सामान तिने नेलंच नाही. भागीबाईच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हातारीने जंगीवरची नजर न काढता, तुकड्यातुकड्याने सांगितलेली कहाणी ऐकली.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी भागीबाईचा नवरा चिमाजी घर शाकारायला गवत कापायला आला होता. आतलं गवत चांगलं लांब, कुणी न कापलेलं. ती एकोणीस वर्षांची, कडेवर तान्ही मुलगी. त्याला जाऊ नको म्हणू शकणारे सासरे त्याच वर्षी वारलेले. तो आत गेला आणि ती जंगीला बसली. दहा दिवसांत तो हाताएवढा जवळ आला होता. मग पाऊस लागला. डोंगरातलं धुकं पाण्यावर उतरलं ते दोन महिने उठलं नाही. ती रोज येऊन बसायची, पण समोर पांढऱ्याशिवाय काही नाही. धुकं फाटलं तेव्हा तो तिळाएवढा दिसला.

तेव्हापासून हेच. आठ-नऊ महिने ती त्याला जवळ आणते, पावसाळ्यात तो मागे जातो. पण जेवढा येतो तेवढा सगळा मागे जात नाही. दर साली थोडा उरतो. मुलीचं लग्न झालं, तिची मुलंही मोठी झाली. भागीबाई सकाळी येते आणि उजेड असेपर्यंत बसते. अंधार पडला की तोही जागीच थांबतो.

"बघ," ती म्हणाली आणि इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच जागा सोडून सरकली.

मनीषाने डोळा लावला. उंबऱ्याचा दगड हातांनी गुळगुळीत झाला होता. पिवळ्या माळावर एक माणूस चालत येत होता. डोक्याला मुंडासं, कमरेला विळा, पाठीवर गवताचा भारा. भारा त्याने टाकलेला नव्हता. घरी न्यायचा होता ना. तो चांगला दोन हात उंचीचा दिसत होता. चेहरा ओळखता यावा इतपत जवळ.

"जवळ आलाय मावशी," मनीषा म्हणाली. "खूप जवळ."

 भागीबाईने हळूच विचारलं, तोंड दिसतं का त्याचं? मनीषाला आधी प्रश्नच कळला नाही. भागीबाईने जागेवर येऊन पुन्हा डोळा लावला तेव्हा तिने म्हातारीकडे जवळून नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधासारखी साय होती. दोन वर्षांपासून भागीबाईला त्या फटीत नुसता उजेड आणि त्यात हलणारी एक सावली दिसत होती. तेवढ्यावर ती बसत होती. बुधालाही तिने सांगितलं नव्हतं. ऑपरेशनला नेलं तर तेवढे दिवस बघणार कोण, म्हणून.

मनीषा त्या रात्री नाशिकला परतली ती ठरवूनच, की भागीबाईच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचं आणि तेवढे दिवस आपण जंगीला बसायचं. मोजणीच्या अहवालात तिने खोटं काही लिहिलं नाही. आतल्या आवाराची मापं स्थिर येत नाहीत, जागा माणसांना नेण्याजोगी नाही, मोजणी करताना एका सहकाऱ्याला इजा झाली. एवढं पुरलं. बोटींचा बेत दुसऱ्या धरणावर गेला. मयूरने त्या कामाचे कागद कुठल्याच फाईलमध्ये ठेवले नाहीत, पण एक दिवस आपण होऊन म्हणाला की भागीबाईंना दवाखान्यात न्यायचं असेल तर गाडी तो चालवेल. आणि मनीषा बसणार असेल तर एक दिवसाआड तोही बसेल.

मेच्या अखेरीस मयूर आणि बुधा भागीबाईला नाशिकला घेऊन गेले. मोतीबिंदू, आधी एक डोळा. पाच दिवस लागले. त्यातले तीन दिवस मनीषा जंगीला बसली आणि दोन दिवस मयूर. पहिल्या सकाळी तिला भीती होती की परकी नजर बघून चिमाजी थांबेल. तो थांबला नाही. चालत राहिला. दुपारी ऊन पांढरं होई, तिच्या मानेला रग लागे, आणि त्या अफाट माळावर तो एकटा पावलं टाकत असे. त्याच्या मागे फार दूर, क्षितिजापाशी, आणखी काही ठिपके आहेत हे तिला तिसऱ्या दिवशी दिसलं. ते हलत नव्हते. ती त्यांच्याकडे फार वेळ बघू शकली नाही. चिमाजीकडे बघायचं होतं म्हणून, आणि त्यांना बघायला कुणीच उरलं नव्हतं म्हणूनही.

भागीबाई सहाव्या दिवशी परत आली. काळा चष्मा, एका डोळ्यावरची पट्टी नुकतीच काढलेली. होडीतून उतरली ती कुणाचा हात न धरता. जंगीपाशी आल्यावर मात्र उभी राहिली. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

मग मनीषाने जागा दिली तशी बसली आणि डोळा लावला.

बराच वेळ ती हलली नाही. मनीषाला वाटलं, दिसत नसेल. मग म्हातारीने पदर ओढून चेहऱ्यावर घेतला, नवी नवरी घेते तसा, आणि भिंतीपासून मागे सरकली.

"लय कवळा हाय गं," ती म्हणाली. "माज्या नातवाएवढा."

मनीषाने घाईने तिच्या जागी डोळा लावला, कारण कुणीतरी लावायला हवा होता. चिमाजी चालत होता. ओठांवर कोवळी मिशी, कपाळावर घाम, तोंडावर घरी जायची घाई. पंचवीसही नसेल.

मागे भागीबाई बुधाशी बोलत होती. त्याला माझं तोंड बघून काय वाटंल, असं ती विचारत होती.  मनीषा नजर न काढता ऐकत राहिली. पश्चिमेला डोंगरामागे ढग जमायला लागले होते, पण धुक्याला अजून पंधरा-वीस दिवस होते. तेवढ्यात तो आला तर येणार होता.

थोड्या वेळाने तिच्या खांद्यावर हात पडला. भागीबाईने पदर मागे टाकून पक्का खोचला होता.

"सरक," ती म्हणाली. "तू भाकर खाऊन घे. मी बसते."